जरा घासून द्या

मराठीत 'जरा' हा शब्द ज्या कामाआधी लागतो, ते काम कधीच जरासं नसतं. 'जरा सरकता का' म्हणणाऱ्याला एसटीच्या बाकावर मांडी घालण्याइतकी जागा हवी असते, 'जरा बोलायचं होतं' म्हणत आलेला माणूस दुसऱ्या चहाशिवाय मुद्द्यावर येत नाही, आणि 'जरा घासून द्या' म्हणत जो माणूस नायलॉनच्या पिशवीतून मोटरचा शाफ्ट काढून वर्कशॉपच्या टेबलावर ठेवतो, त्याने लेथवाल्याची अख्खी दुपार मागून घेतलेली असते. ते त्याच्या गावीही नसतं. घासणं म्हटलं की त्याला भांडी आठवतात, दात आठवतात, फार तर सायकलवर चाक बांधून गल्लीत येणारा धारवाला आठवतो. सुरी चाकाला लावली, चार ठिणग्या उडाल्या, सुरी परत. शाफ्टचंही तेच, फक्त शाफ्ट जरा लांब. माझं म्हणणं असं की, लेथवर टूल पोस्ट ग्राइंडर लावून केलेल्या घासकामात घासणं हा सगळ्यांत किरकोळ भाग असतो. खरं काम होतं ते घासण्याच्या आधी आणि नंतर, म्हणजे न घासण्याच्या वेळात. मजुरीवरून घासाघीस होते ती मात्र ठिणग्या किती वेळ उडाल्या हे पाहून.

डोळ्यांसमोर एक शाफ्ट असू द्या. पिठाच्या गिरणीची मोटर आहे, तिच्या शाफ्टवर ६२०६ नंबरचं बेअरिंग बसतं आणि त्याचं भोक ३० मिलिमीटरचं. ज्वारी-बाजरी दळता दळता एक दिवस बेअरिंगचं आतलं कडं शाफ्टला धरून राहायचं सोडतं, त्याच्यावर स्वतंत्रपणे फिरू लागतं आणि बसायची जागाच खाऊन टाकतं. मग तिथे वेल्डिंग भरायचं, ते लेथवर कातून ३० च्या किंचित वर आणायचं आणि शेवटचे काही शतांश मिलिमीटर घासून काढायचे. सगळी गंमत या 'काही शतांश'मध्ये आहे. अशा बैठकीसाठी मापांच्या तक्त्यात के-६ नावाची एक मर्यादा दिलेली असते. तिचा अर्थ असा की शाफ्ट ३०.००२ हून बारीक नको आणि ३०.०१५ हून जाड नको. मधली मोकळीक १३ मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला, तर त्याचे उभे पाच वाटे करून एका वाट्यात हे काम बसवायचं. लेथच्या टूलनेच का नाही आणायचं तिथवर, हा प्रश्न रास्त आहे. पण वेल्डिंगने भरलेली जागा घाईघाईत भाजलेल्या भाकरीसारखी असते, इथे मऊ तर तिथे करपून कडक. टूलची धार मऊ जागी आत शिरते, कडक जागी मागे रेटली जाते, आणि शाफ्ट गोल दिसतो पण असत नाही. शिवाय टूलकडे दोन-चार मायक्रॉनचा काप मागितला, तर ते कापायचं सोडून नुसतं चोळत बसतं. ग्राइंडिंग व्हीलच्या हजारो दाण्यांना मात्र मऊ-कडकाचं सोयरसुतक नसतं. समोर येईल त्याचा ते कण कण उडवतात.

आता हा टूल पोस्ट ग्राइंडर म्हणजे लेथच्या घरातला घरजावई. लेथवर कापायचं टूल जिथे धरतात ती टूल पोस्ट उचलून बाजूला ठेवायची आणि त्या जागी याला बसवायचं. येताना हा स्वतःची मोटर, स्वतःचा पट्टा आणि स्वतःचा स्पिंडल घेऊन येतो, त्यामुळे आपण कुणाच्या जिवावर राहत नाही असा त्याचा समज असतो. प्रत्यक्षात पुढे-मागे सरकणं लेथच्या कॅरेजवर, आत-बाहेर जाणं लेथच्या क्रॉस स्लाइडवर, आणि शाफ्ट फिरवायचा तोही लेथनेच. घरजावई नुसता बसून खात असता तरी चाललं असतं. हा बसल्या जागी धूळ उडवतो, आणि ती साधीसुधी धूळ नसते. नेहमीच्या व्हीलचा दाणा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा, म्हणजे रसायनाच्या हिशेबाने माणकाचा सख्खा भाऊ. नेहमीच्या खनिजांत कठीणपणात हिऱ्याच्या खालोखाल. असा माणकाचा भुगा जिथे पडायचा तिथे खाली लेथचा बेड असतो, आणि बेड म्हणजे लेथचं देवघर. त्याच्यावरचे गाइडवे, म्हणजे कॅरेज सरकायच्या पट्ट्या, जितके सरळ तितकंच मशीन खरं. ते झिजले की पुढचा प्रत्येक जॉब त्या झिजेची नक्कल घेऊन बाहेर पडतो.

'आमचा बेड हार्ड केलेला आहे, त्याला काय होतंय,' असं छातीठोकपणे सांगणारे मालक बरेच भेटतात. त्यांनी लॅपिंग कसं चालतं ते आठवून पाहावं. लॅपिंगमध्ये कठीण पोलाद घासायला मुद्दाम मऊ बिडाची पाटी घेतात, कारण बारीक दाणा मऊ धातूत रुतून बसतो आणि तिथे पाय रोवून समोरच्या कठीण धातूला कापत राहतो. कॅरेजच्या पोटाखाली नेमकं हेच घडतं. दाण्याला आसरा मिळतो मऊ बाजूला आणि तो खातो कडक बाजूला. म्हणजे बेड जितका कडक, तितकी त्याला झिजवायची सोय चांगली. त्यात गाइडवेवर तेल असतंच. तेल आणि भुगा यांची जी पेस्ट होते ती बाजारात डबीतून विकत मिळते, व्हॉल्व्ह बसवायला. तीच इथे फुकट, आणि कॅरेज ती रोज शेकडो वेळा मागेपुढे चोळत असतो.

म्हणून ग्राइंडर लावायच्या आधी लेथला सोवळं नेसवावं लागतं. घरातल्या सोवळ्याला कारण विचारलं की वाद होतो. या सोवळ्याला कारण आहे आणि ते मोहांच्या कठीणपणाच्या पट्टीवर नऊच्या घरात बसतं. गाइडवेवरचं तेल आधी कोरडं पुसायचं आणि मग बेड, कॅरेज, लीड स्क्रू, टेलस्टॉकचा पाया असं जे जे खाली उघडं दिसेल ते सगळं झाकायचं. कशाने, यावर कारागिरांत दोन पंथ आहेत. एक पंथ कापडाचा. कापड अंगासरशी बसतं, नीट अंथरता येतं, पण फिरत्या चकच्या, म्हणजे जॉब पकडणाऱ्या पंजाच्या, जवळ त्याचं टोक गेलं तर चक ते गुंडाळून घेतो आणि ते ओढायला पुढे केलेला हातही घेऊ शकतो. दुसरा पंथ वर्तमानपत्राचा आणि माझं मत त्याला. कागद फाटतो, हाच त्याचा सगळ्यांत मोठा सद्गुण. मराठी वर्तमानपत्राचं उलगडलेलं जोडपान लहान लेथच्या बेडवर असं बसतं, जणू मापं घेऊनच छापलंय. ते कूलंटमध्ये ओलं करायचं, कारण ओल्या कागदाला भुगा चिकटतो आणि ठिणगी पडली तरी पेट घेत नाही. नुसत्या पाण्यात मात्र भिजवायचं नाही, नाहीतर भुग्यापासून वाचवलेल्या बेडवर सकाळी गंजाचा नकाशा उमटलेला सापडतो. व्हीलच्या बरोबर खाली पसरट ट्रेमध्ये पाणी ठेवलं, तर अर्धी धूळ तिथेच बुडते. कुठलं पान कुठे अंथरायचं याचाही एक अलिखित नियम दिसतो. अग्रलेखाचं पान थेट ठिणग्यांखाली जातं, कारण ते परत मागायला कुणी येत नाही. खेळाचं पान टेलस्टॉकपलीकडे, निर्धोक जागी.

इथे शुद्धतावाद्यांचा आक्षेप येतो, आणि तो मोठ्या आवाजात येतो. लेथ कातण्यासाठी आहे, त्याच्यावर ग्राइंडिंग करणं हे पापच, कितीही झाका. तत्त्व म्हणून मला त्यात खोट काढता येत नाही. पण हेच शुद्धतावादी शाफ्टला शेवटचा हात देताना काय करतात? एमरीची पट्टी फाडतात, फिरत्या जॉबला दोन्ही हातांनी लावतात आणि चकाकी येईपर्यंत घासतात. त्या पट्टीचे दाणे पडतात कुठे? त्याच बेडवर, आणि खाली कागदाचा कपटासुद्धा नाही. ग्राइंडरवाला वर्षातून चार वेळा ओवळं करतो पण आधी अंथरतो आणि नंतर धुतो. एमरीवाला रोज थोडंथोडं करतो आणि त्याला 'फिनिशिंग' म्हणतो. वर, एमरीने शाफ्ट गोल होतच नाही. एमरी हा जात्या खुशामतखोर माल आहे. समोर जो आकार असेल त्याला तो मान डोलावतो आणि फक्त चमकवतो. लंबगोल शाफ्ट एमरी मारल्यावर चकचकीत लंबगोल होतो, त्यावर बेअरिंग बसतं आणि गिऱ्हाईक सहा महिन्यांनी तीच पिशवी घेऊन परत येतं.

झाकाझाक झाली, की व्हीलचं लग्न जमवायचं. व्हीलच्या कागदी लेबलावर 'ए ६० के ५ व्ही' असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि ती त्याची पत्रिका. पहिलं अक्षर दाण्याचं कुळ सांगतं, ६० हा दाण्याचा बारीकपणा, ५ हा आकडा दाणे किती दाट बसलेत त्याचा, 'व्ही' म्हणजे चिनीमातीसारखं भट्टीत भाजलेलं. मधल्या 'के'वर मात्र भलेभले फसतात. तो दाण्याचा कठीणपणा नव्हे, दाण्याला व्हीलने किती घट्ट धरून ठेवलंय त्याचं माप आहे. आणि जुळवणी उलटी असते: कडक जॉबला मऊ व्हील, मऊ जॉबला कडक व्हील. कडक पोलादावर दाण्याची धार लवकर मरते, तेव्हा बोथट दाण्याला वेळेवर सोडून देणारं, नव्या दाण्याला वाव देणारं व्हील हवं. बोथट झाला तरी न सोडणारं व्हील नुसतं घासतं, तापतं आणि जॉबवर निळे डाग पाडतं. (संस्थांच्या कार्यकारिणीबद्दल हा लेख नाही, तेव्हा पुढे जाऊ.) व्हील बसवायच्या आधी त्याला बोटावर टांगून लाकडी दांड्याने हळूच ठोकायचं. ऐन चैत्रात माठ घेताना आपण करतो तेच, आणि निकालही तोच. 'टण्' वाजलं तर घ्यायचं, 'थप्प' वाजलं तर तडा आहे. फरक इतकाच, की तडा गेलेला माठ फार तर ओटा भिजवतो. या व्हीलची कड साधारणपणे सेकंदाला ३३ मीटरच्या मर्यादेपर्यंत पळवतात, म्हणजे ताशी जवळजवळ १२० किलोमीटर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर या वेगाने गेलात तर चलान घरी येतं. इथे फुटलेलं व्हील येतं. म्हणून वर झाकण हवं, लेबलावरचे फेरे पाळायला हवेत आणि चालू केल्यावर पहिलं मिनिटभर समोर न थांबता बाजूला उभं राहायला हवं.

आणि एवढं करूनही व्हील अजून वापरायच्या लायकीचं झालेलं नसतं. नवं व्हील स्पिंडलवर चढवलं की ते थोडंसं का होईना, वेडंवाकडं फिरतंच. ते सरळ करायला लागतो हिरा. खरा हिरा, पोलादाच्या दांडीच्या टोकाला जडवलेला, आणि बहुतेक ठिकाणी मालकाच्या ड्रॉवरमध्ये कुलपात. हिऱ्याची दांडी व्हीलच्या फिरण्याच्या दिशेला दहा-पंधरा अंश कलती धरायची, म्हणजे हिरा व्हीलमध्ये न घुसता त्यावरून ओढला जातो. मग एका वेळी दोन शतांशाहून जास्त न घेता व्हील त्याच्यासमोरून हळू सरकवायचं. दांडी अधूनमधून आपल्या अक्षाभोवती थोडी फिरवून हिऱ्याची नवी कड पुढे आणायची. अख्ख्या कामात सगळ्यांत बारीक आणि सगळ्यांत वाईट भुगा याच वेळी उडतो, जेव्हा शाफ्टला व्हीलने अजून स्पर्शही केलेला नसतो. दुपारचे तीन वाजलेले असतात आणि शाफ्टचा मालक दोनदा येऊन 'झालं का' विचारून गेलेला असतो.

त्याला 'अजून सुरूच केलं नाही' असं सांगणं अवघड असतं, कारण आता लेथची स्वतःची पाळी आलेली असते. शाफ्ट दोन सेंटरच्या, म्हणजे टोकदार खुंट्यांच्या, मध्ये धरायचा, त्यातलं हेडस्टॉकमधलं सेंटर फिरतं. ते पाव शतांशाने जरी झोकांडलं, तरी तो झोक शाफ्टवर जसाच्या तसा उतरतो. म्हणून कंपाउंड ३० अंशांत वळवायचं (कंपाउंड म्हणजे इथे टूल पोस्टखालची फिरती स्लाइड, सोसायटीची भिंत नव्हे) आणि आधी त्या सेंटरचं टोकच, जागच्या जागी फिरत असताना, ६० अंशांचं घासून घ्यायचं. टूल पोस्ट ग्राइंडरचं इतकं देखणं काम दुसरं नाही. लेथच्या स्पिंडलच्या भोकात जो काही तिरकसपणा असेल, सेंटरच्या बुडाला जो काही ओरखडा असेल, तो सगळा जमेस धरून लेथ आपला बाक आपणच काढतो. सेंटर उपसलं की ही पुण्याई संपते. म्हणून उपसण्याआधी त्याच्यावर आणि स्पिंडलवर समोरासमोर खूण करून ठेवतात. स्पिंडलच्या बेअरिंगमध्येच लूज असेल तर मात्र हा उपायही नाही. झोकांड्या खाणाऱ्याने स्वतःचीच रेघ ओढून तिला सरळ म्हटल्यासारखं ते होतं.

मग कंपाउंडचा दुसरा कोन. क्रॉस स्लाइडच्या हँडलवर दोन-तीन मायक्रॉन मोजून आत जाणं म्हणजे बैलगाडीने सुईत दोरा ओवणं. त्यावर कारागिरांनी शाळेतली त्रिकोणमिती कामाला लावली आहे. दहावीनंतर साइन कुठे उपयोगी पडतो, असा प्रश्न ज्यांना छळतो त्यांनी हे वाक्य कापून ठेवावं. कंपाउंड बेडच्या रेषेशी ५ अंश ४४ मिनिटांवर ठेवलं, की त्या कोनाचा साइन एक दशांश येतो. म्हणजे हँडलने एक शतांश मिलिमीटर पुढे ढकललं, तर व्हील जॉबकडे त्याच्या दहाव्या हिश्शाने, एका मायक्रॉनने, सरकतं. उरलेली सगळी चाल बेडच्या दिशेने वाया जाते आणि इथे वाया जाणं हीच कमाई. फक्त हँडल नेहमी एकाच दिशेने फिरवायचं. मागे घेऊन पुन्हा पुढे आलात की स्क्रूचा लूज आधी आपला वाटा घेतो. फिरण्याच्या दिशेचाही विचार करावा लागतो. जॉब आणि व्हील जिथे भेटतात तिथे दोघांचे पृष्ठभाग एकमेकांच्या विरुद्ध पळायला हवेत आणि ठिणग्या तोंडावर न येता खाली ट्रेमध्ये जायला हव्यात. त्यासाठी बरेचदा लेथ उलटा चालवतात. जुन्या लेथवर चक किंवा ड्रायव्हिंग प्लेट आट्यांवर बसवलेली असते आणि उलटं चालवलं की ती सुटून बाहेर यायला बघते, हे विसरणाऱ्याला ते एकदाच आठवावं लागतं.

आणि आता घासणं. ते सांगायला फारसं काही नाही. शाफ्ट मिनिटाला दोनेकशे फेऱ्यांनी फिरतो, व्हील त्याला लागतं, ठिणग्यांची झालर सुटते, एक-दोन शतांश घेत घेत शेवटी दोन-तीन मायक्रॉनवर यायचं. अखेरच्या फेऱ्यांना काहीच पुढे ढकलायचं नाही. व्हील नुसतं इकडून तिकडे फिरवत राहायचं. शाफ्ट आणि ग्राइंडर दोघेही दाबाखाली थोडे वाकलेले असतात. तो वाक निघेपर्यंत ठिणग्या येत राहतात आणि मग आपोआप मरतात. पाहणाऱ्याला वाटतं कारागीर वेळ काढतोय. काढतोच, पण शाफ्टचा वाक काढायला. त्यानंतर तो मशीन बंद करून चहाला जातो आणि इथे गिऱ्हाइकाचा संयम सुटतो. वास्तविक अख्ख्या दुपारीतली ही सर्वांत शास्त्रशुद्ध पायरी. ३० मिलिमीटरचा पोलादी शाफ्ट घासताना २० अंशांनी तापला, तर साधारण सात मायक्रॉन फुगतो. म्हणजे गरम असताना ३०.००८ भरलेला, मर्यादेत अगदी मधोमध बसलेला शाफ्ट गार झाल्यावर ३०.००१ भरतो आणि सगळं वेल्डिंग पुन्हा भरावं लागतं. लांबीरुंदी मोजायचं जगाचं प्रमाण तापमान १९३१ साली २० अंश सेल्सियस असं ठरलं. आपल्याकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते डिसेंबरातल्या एखाद्या पहाटेच अवतरतं. पण शाफ्ट आणि मायक्रोमीटर दोन्ही पोलादी असल्याने दोघं एकाच तापमानाला आले तरी काम भागतं. त्यांना एकत्र आणायला चहाइतका वेळ लागतो.

शेवटी आवराआवर, आणि इथे बहुतेकांचं पाऊल घसरतं. आपल्या वर्कशॉपांमध्ये 'हवा मारणे' हा एक जवळजवळ धार्मिक विधी आहे. कॉम्प्रेसरची नळी हातात आली की मशीन, बूट, केस, शेजाऱ्याचा डबा, सगळ्यांवर फवारा जातो. इतर दिवशी ठीक. ग्राइंडिंगनंतर मात्र ही हवा माणकाचा भुगा उचलून नेमका कॅरेजच्या पुसण्यांखाली आणि स्लाइडच्या फटींत नेऊन बसवते, म्हणजे ज्या चोराला दिवसभर दारात अडवलं त्याला आपणच पाठीवर थाप देऊन तिजोरीपाशी सोडायचं. कागद हलक्या हाताने आतल्या बाजूला दुमडत उचलायचे, उरलेलं व्हॅक्यूमने ओढायचं, मग रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने पुसायचं, फडकं बदलून पुन्हा पुसायचं आणि मगच ताजं तेल द्यायचं. लेथ एवढा स्वच्छ एरवी फक्त खंडेनवमीला होतो, झेंडूच्या माळेआधी. टूल पोस्ट ग्राइंडर बाहेर काढणं म्हणजे त्या दिवसापुरती एक जादा खंडेनवमी घालणं, नैवेद्य आणि सुट्टी वगळून.

एवढ्या सोपस्कारांपेक्षा सिलिंड्रिकल ग्राइंडरवर का देत नाही, हा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे आणि मी तो बराचसा मान्य करतो. घरजावयाने वेगळा संसार थाटावा तसा तो ग्राइंडर लेथच्याच घरातून बाहेर पडलेला आहे. आधी लेथवर व्हील बसवूनच घासत. अमेरिकेतल्या ब्राउन अँड शार्प कंपनीने १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात आपलं युनिव्हर्सल ग्राइंडिंग मशीन मांडलं आणि तिथून हे काम स्वतंत्र घरात राहायला गेलं. त्याचे गाइडवे झाकलेले असतात, कूलंटची धार सतत धूळ धुऊन नेते आणि शाफ्ट दोन्ही बाजूंनी न फिरणाऱ्या सेंटरवर फिरतो, त्यामुळे स्पिंडलचा दोष त्यात शिरतच नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा भोसरीत चार पावलांवर असा ग्राइंडिंगवाला असेल, तर शाफ्ट त्याच्याकडेच न्यावा. तालुक्याच्या गावी तो चार पावलांवर नसतो, असला तर त्याच्याकडे एकाच मापाचे तीनशे नग रांगेत असतात आणि गिरणीवाल्याच्या दारात दळणाचे डबे साचलेले असतात. शिवाय काही गोष्टी उठून कुठे जाऊच शकत नाहीत. लेथचं सेंटर स्वतःच्या स्पिंडलवरच घासायचं असतं. चकचे तोंडाशी फाकलेले जॉ त्याच चकमध्ये, ताण दिलेल्या स्थितीतच घासावे लागतात. रिकामे लोंबकळत असताना घासले, तर पकडताना ते परत फाकतात. आता क्यूबिक बोरॉन नायट्राइडच्या टिपने कडक पोलादही कातता येतं, मग घासायचंच कशाला, असं नव्या पिढीचं म्हणणं आहे. त्यात तथ्य आहे, फक्त ती टिप दणकट, न थरथरणारं मशीन मागते. आपल्या शेडमधला लेथ मात्र शेजारून एसटी गेली तरी शहारतो.

म्हणून माझा निवाडा असा: ठिणग्या दहा मिनिटं उडाल्या म्हणून दहा मिनिटांचे पैसे देऊ करणारा माणूस लग्नाच्या जेवणात फक्त मठ्ठ्याचं बिल भरतोय. यापुढे शाफ्ट घासायला न्याल, तेव्हा 'जरा' हा शब्द घरीच ठेवा आणि पिशवीत गेल्या आठवड्याचे पेपर टाका. मोठ्या पानांचे, आणि अग्रलेखासकट. खेळाचं पान हवं असेल तर आधीच काढून घ्या.